गोळी दिसतच नाही तरी जहाज फुटतं: झॅनॅक आणि बाकी उभ्या शूटरमधला परत परत येणारा घोळ

आधी प्रॉब्लेम काय ते नीट सांगतो, कारण हा प्रॉब्लेम भरपूर जणांना येतो पण प्रत्येक जण त्याला वेगळंच नाव देतो. कोणी म्हणतं गेम चीटिंग करतो, कोणी म्हणतं कॅसेट गेली, कोणी म्हणतं आता वय झालं, हात पहिल्यासारखा चालत नाही. माझ्याकडे एनईएस आहे, निंटेंडोचा जुना गेम कन्सोल, ते जुनं मॉडेल, समोरून कॅसेट सरकवायची आणि मग खाली दाबायची, आणि त्यावर मी सगळ्यात जास्त खेळतो तो झॅनॅक. कंपाइल ह्या जपानी कंपनीने बनवलेला, १९८६ चा, एनईएसवर १९८७ मध्ये आला. आपलं जहाज खाली, जमीन वरून खाली सरकत राहते, शत्रू वरून येतात, एक गोळी लागली की जहाज खलास. साधा हिशोब.

तर होतं असं की पहिले दोन एरिया, म्हणजे गेमचे टप्पे, मस्त जातात, आणि मग जरा गर्दी झाली की मी मोकळ्या जागेत उभा असताना जहाज फुटतं. मोकळ्या म्हणजे खरंच मोकळ्या, आजूबाजूला काही नाही, डावीकडून एक गोळी येताना दिसली होती ती चुकवली, आणि धाड. एकदा झालं तर आपण सोडून देतो, नजर चुकली असेल म्हणतो, पण रोज, त्याच त्याच जागी, आणि दर वेळी गर्दीतच. शेजारी बसून बघणारासुद्धा म्हणाला की अरे तिथे काहीच नव्हतं.

मी सुरुवात केली तिथूनच जिथून सगळे करतात, म्हणजे कॅसेट काढून फुंकर मारली. लहानपणापासूनची सवय, जात नाही. पण हे आधीच सांगून टाकतो की फुंकर मारून काही साफ होत नाही, चालू होते ती कॅसेट काढून परत बसवल्यामुळे, पिना थोड्या वेगळ्या जागी टेकतात म्हणून. उलट तोंडातली ओल जाऊन पिनांवर बसते आणि काही वर्षांनी हिरवट-काळपट थर दिसतो तो त्याचाच. मग मी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, ९० टक्क्यांच्या वरचं घ्यायचं, कापसाच्या काडीने पिना पुसल्या, पहिली काडी काळी, दुसरी राखाडी, चौथी जवळपास पांढरी. कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा तो खास बिट लागतो, साध्या स्क्रू ड्रायव्हरने जबरदस्ती केलीत तर स्क्रूचं डोकं खराब होईल. आणि काहीही झालं तरी पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा अगदी पातळ असतो, एकदा गेला की गेला.

पुसून झाल्यावर गेम पहिल्या झटक्यात चालू व्हायला लागला, हा फायदा झाला. जहाज मात्र फुटायचं ते फुटतच राहिलं.

मग शंका गेली कन्सोलच्या आतल्या ७२ पिनांच्या कनेक्टरवर. तोही बदलला. नवीन आलेला कनेक्टर कॅसेटला असा काही पकडून बसला की बाहेर काढताना दोन्ही हात लागायचे, शेवटी तो काढून टाकला आणि जुनाच पाण्यात उकळून, पूर्ण एक दिवस वाळवून परत लावला. उकळण्याची ही युक्ती ऐकायला वेडेपणाची वाटते पण बऱ्याचदा चालते, फक्त पूर्ण वाळल्याशिवाय वीज द्यायची नाही. असो. तोही उपाय ह्या प्रॉब्लेमवर नव्हताच, आणि इथे मी जरा आधीच डोकं लावायला हवं होतं. पिना नीट टेकत नसतील तर चित्र बिघडतं, अक्षरांच्या जागी कचरा दिसतो, रंग उलटेपालटे होतात, गेम अडकतो. बाकी सगळं चित्र काचेसारखं स्वच्छ आणि फक्त शत्रूची एकच गोळी गायब, असं घाण पिनेमुळे होत नाही. घाण एवढी निवडून त्रास देत नाही.

खरी गोष्ट कळली ती अपघाताने. कोणाला तरी दाखवायचं म्हणून मी फोनवर शूटिंग केलं. साध्या मोडमध्ये, ३० फ्रेमवर, म्हणजे सेकंदाला ३० चित्रं. ते परत बघितलं तर आणखी गोंधळ, त्यात तर अर्ध्या गोळ्याच नाहीत, टीव्हीवर दिसलेल्यासुद्धा नाहीत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की एक मिनिट, गोळ्या काही फ्रेममध्ये आहेत आणि काही फ्रेममध्ये नाहीत. मग फोनचा स्लो मोशन लावला, २४० फ्रेमवाला, आणि एका जुन्या काचेच्या, पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीवर आणि माझ्या नेहमीच्या सपाट टीव्हीवर तोच एरिया दोनदा शूट केला. काचेच्या टीव्हीवर गोळी आहे, नाही, आहे, नाही, अशी लुकलुकत येते. सपाट टीव्हीवर तशीच एक गोळी वरच्या कडेपासून माझ्या जहाजापर्यंत एकदाही दिसत नाही. एकदाही! मी तो तुकडा दहा वेळा मागेपुढे करून बघितला.

आता असं का होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण हे एकदा समजलं की अर्धे प्रॉब्लेम आपोआप ओळखता येतात.

एनईएसमध्ये चित्र काढणारी जी चिप आहे ती हलणाऱ्या वस्तू स्प्राइट म्हणून काढते, एकूण ६४. पण मर्यादा अशी की एका आडव्या रेषेवर फक्त ८. चिप प्रत्येक रेषेसाठी ती ६४ ची यादी वरून खाली वाचते, पहिले आठ जे त्या रेषेवर पडतात ते घेते, नववा सोडून देते. सोडून देते म्हणजे काढतच नाही. पण गेमच्या हिशोबात तो नववा जिवंत असतो, त्याची जागा मेमरीत असते, टक्कर लागली की लागली. म्हणजे न दिसणारी गोळी मारू शकते, हे गेमच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे.

स्प्राइट ८ पिक्सेल रुंद. धरा तुमचं जहाज १६ पिक्सेल रुंद आहे, म्हणजे रेषेवरच्या आठातले दोन तर तुम्हीच खाल्ले. राहिले सहा. तुमच्याच उंचीवर एक शत्रू असेल, तोही १६ रुंद, उरले चार. आता गोळ्या मोजा. शत्रू जेव्हा आडव्या रांगेत उतरतात आणि सगळे एकदम गोळी सोडतात तेव्हा त्या गोळ्या साधारण एकाच उंचीवर चालत येतात आणि तिथेच मर्यादा फुटते. आपल्या स्वतःच्या गोळ्या सरळ वर जातात, एकीवर एक, म्हणून त्या वेगवेगळ्या रेषांवर असतात आणि त्यांचा त्रास कमी. उभ्या शूटरमध्ये धोका आडव्या रांगेचा.

गेम बनवणाऱ्यांना हे माहीत होतं, म्हणून ते दर फ्रेमला यादीचा क्रम फिरवतात. ह्या फ्रेमला एक गोळी सुटली तर पुढच्या फ्रेमला दुसरी सुटेल. सेकंदाला ६० फ्रेम, त्यामुळे डोळ्याला गोळी लुकलुकते पण दिसते. जुन्या टीव्हीवर काचेच्या आतल्या थराची, फॉस्फरची, चमकही थोडी रेंगाळते, म्हणून लुकलुक आणखी मऊ वाटते. म्हणजे लुकलुकणं हा बिघाड नाही. लुकलुकणं हाच इलाज आहे, १९८६ मधला.

आता हा इलाज सपाट टीव्हीवर कसा मोडतो ते बघा. जुने कन्सोल जो सिग्नल देतात त्याला २४०पी म्हणतात, म्हणजे दर फ्रेमला तेवढ्याच रेषा, पूर्ण चित्र, साठ वेळा. पण अमेरिका-जपानमधलं टीव्हीचं प्रसारण होतं ४८०आय, म्हणजे एकदा विषम रेषा, एकदा सम रेषा, दोन मिळून एक चित्र. बऱ्याच सपाट टीव्हींना आणि जुन्या वायरीचा सिग्नल नव्या टीव्हीला जोडणाऱ्या जवळपास सगळ्या स्वस्त एव्ही ते एचडीएमआय डब्यांना २४०पी म्हणजे काय तेच कळत नाही, ते त्याला ४८०आय समजतात. मग दोन वेगवेगळ्या फ्रेम एकमेकीत विणून टाकतात, किंवा दोनातली एक सरळ फेकून देतात. विणली तर लुकलुकणाऱ्या वस्तूवर कंगव्यासारख्या आडव्या रेघा दिसतात. फेकली तर काय होईल? जी गोळी फक्त सम फ्रेममध्ये काढली जाते आणि डबी नेमक्या सम फ्रेमच फेकत असेल, ती गोळी तुम्हाला कधीच दिसणार नाही. कधीच. वरून खाली येईपर्यंत.

माझ्याकडे तीच डबी होती. कन्सोल आणि टीव्हीच्या मध्ये, अंगठ्याएवढी, वर्षभर लावून ठेवलेली, आणि मी कनेक्टर उकळत बसलो होतो.

तुमच्याकडेही हेच आहे का ते ओळखायला झॅनॅक पाहिजेच असं नाही. असा कुठलाही जुना गेम घ्या ज्यात मार लागल्यावर आपला प्लेअर थोडा वेळ लुकलुकतो. मुद्दाम मार खा. प्लेअर लुकलुकताना दिसला तर ठीक. तो पूर्ण गायब झाला आणि दोन सेकंदांनी परत उगवला, किंवा लुकलुकायच्या ऐवजी अर्धवट पारदर्शक, रेघारेघांचा दिसला, तर तुमची डबी किंवा टीव्ही फ्रेम खातोय, कॅसेटकडे बघूसुद्धा नका. अजून पक्कं करायचं असेल तर २४०पी टेस्ट सूट म्हणून एक मोफत प्रोग्रॅम आहे, त्यात खास ह्याच तपासणीसाठी सावली लुकलुकवणारा एक पडदा दिलाय, तो लावून बघा.

आणि फोनवर शूट करताना लक्षात ठेवा, ३० फ्रेमवर शूट केलंत तर तुमचा फोनसुद्धा तोच गुन्हा करतो. किती तरी लोक व्हिडिओ दाखवतात की बघा गोळी नाहीये, आणि गोळी खाल्लेली असते फोनने. स्लो मोशन वापरा, नाहीतर किमान ६०.

उपाय म्हणाल तर सगळ्यात सोपा म्हणजे काचेचा टीव्ही, मिळाला तर. वजनदार असतो, जागा खातो, पण त्यात प्रक्रियाच काही नसते, आलेला सिग्नल सरळ काचेवर. ते शक्य नसेल तर आधी स्वस्त डबी काढून कन्सोलची पिवळी वायर टीव्हीच्या एव्हीमध्ये थेट लावून बघा, कधी कधी टीव्ही डबीपेक्षा शहाणा निघतो. माझा नाही निघाला. मग खास जुन्या कन्सोलसाठी बनवलेला लाइन डबलर घ्यावा लागतो, तो २४०पी ओळखतो आणि रेषा दुप्पट करून टीव्हीला देतो. रेट्रोटिंक २एक्स कंपोझिट घेतो, म्हणजे पिवळी वायर थेट लागते. ओएसएससी ह्या तशाच दुसऱ्या यंत्राचं नाव लोक डोळे झाकून सुचवतात, आणि आहे ते चांगलंच, पण ते कंपोझिट घेत नाही, आणि एनईएस मूळ अवस्थेत कंपोझिट किंवा आरएफ (अँटेनाच्या वायरचा सिग्नल) एवढंच देतो, आरजीबीसाठी, म्हणजे तिन्ही रंग वेगवेगळे मिळण्यासाठी, आत बदल करावा लागतो. हे न बघता मागवणारे बरेच असतात. मी पण जवळपास मागवलंच होतं.

ह्याच भानगडीचा दुसरा तुकडा म्हणजे लॅग. टीव्ही दोन-तीन फ्रेम अडवून त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो, त्यामुळे तुम्ही बघता ते थोडं शिळं चित्र. एक फ्रेम म्हणजे साधारण १६.६ मिलिसेकंद. चार फ्रेमचा लॅग धरा, आणि गोळी फ्रेमला दोन पिक्सेल चालते धरा, तर गोळी तुम्हाला दिसते त्यापेक्षा ८ पिक्सेल पुढे आहे. म्हणजे अर्धं जहाज! म्हणून गोळी दिसत असूनही आपण "अरे लागलीच नव्हती" म्हणून ओरडतो. टीव्हीत गेम मोड लावा, चित्र गुळगुळीत करणारं आणि चित्रातले ठिपके-डाग घालवणारं जे काही असेल ते सगळं बंद करा. आणि चित्राचा आकार ४:३ ठेवा, ताणून रुंद केलं की आडव्या हालचाली जास्त जलद वाटतात आणि अंदाज चुकतो. झूम तर अजिबात नको, वरची कड कापली गेली तर शत्रू पडद्यावर यायच्या आधीच आलेला असतो, आणि उभ्या शूटरमध्ये वरची कड म्हणजेच तर आपली पूर्वसूचना.

एम्युलेटरवर, म्हणजे कन्सोलची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमवर, खेळत असाल तर बऱ्याच एम्युलेटरमध्ये आठ स्प्राइटची मर्यादा काढायचा पर्याय असतो. काढा, लुकलुक बंद, सगळ्या गोळ्या ठळक. मला स्वतःला त्यात मजा येत नाही पण तो माझा प्रश्न. एक मात्र आहे, काही गेम ही मर्यादा मुद्दाम वापरतात, एखादी वस्तू झाकायला तिच्या रेषेवर आठ रिकामे स्प्राइट ठेवून देतात, तिथे मर्यादा काढली की लपवलेलं बाहेर दिसायला लागतं. तेव्हा एखाद्या गेममध्ये विचित्र काही दिसलं तर आधी हा पर्याय परत चालू करून बघा.

तर डबी बदलली, गोळ्या दिसायला लागल्या, मी खूश. आणि तरीही चौथ्या एरियात मी धडाधड मरत होतो. आता मात्र दिसणाऱ्या गोळ्यांनी मरत होतो, ही प्रगती, पण गोळ्या इतक्या का? पूर्वी एवढ्या नव्हत्या, शपथ.

इथे झॅनॅकची खासियत येते, आणि ज्याला माहीत नाही तो हमखास समजतो की कॅसेट बिघडली. झॅनॅक तुमच्याकडे बघत असतो. त्यात आपोआप कठीणपणा ठरवणारी व्यवस्था आहे, ऑटोमॅटिक लेव्हल कंट्रोल, तुम्ही किती गोळ्या झाडता, किती चांगलं खेळता, त्यावर तो शत्रू वाढवतो किंवा कमी करतो. मेलात की थोडा नरम पडतो. मध्येच एक टेहळणी विमान येतं, तेही ह्याच व्यवस्थेचा भाग. म्हणून एकच एरिया दोन माणसं खेळली तर दोघांना वेगळा वाटतो, आणि एकच माणूस दोन दिवस खेळला तरी वेगळा वाटू शकतो. ह्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही.

पण माझ्या बाबतीत दुरुस्त करण्यासारखं होतं, कारण मधल्या काळात मी कंट्रोलर बदलला होता. टर्बोवाला घेतला होता, बटण दाबून धरलं की तोच धडधडधड मारतो. गेमला वाटलं हा कोणी राक्षस आलाय, लाव सगळी फौज. टर्बो बंद केला, गरज असेल तेव्हाच झाडायला लागलो, आणि दोन दिवसांत चौथा एरिया पार. सगळे जण सांगतात की शूटरमध्ये बटणावरून बोट उचलूच नको, पण झॅनॅकला ते लागू नाही. इथे विनाकारण झाडलेली प्रत्येक गोळी तुमच्या नावावर मांडली जाते. बारापैकी सुरुवातीच्या एरियांत हात आवरलात तर पुढे श्वास घ्यायला मिळतो. आणि खाली पडणाऱ्या नंबरवाल्या शस्त्रांपैकी, ० ते ७ असतात, दिसेल ते उचलत सुटू नका, चांगलं हातातलं असताना भलताच नंबर उचलला की गेलं ते. मला २ नंबर आवडतो, पुढे ढाल येते, भित्र्या माणसाचं शस्त्र आहे, पण चालतं.

टर्बोवरून आठवलं, टर्बोचा स्वतःचा एक वेगळाच प्रॉब्लेम आहे जो परत परत विचारला जातो, की टर्बो फुल केला की बंदूक जास्त चालायच्या ऐवजी थांबत थांबत चालते किंवा पूर्ण बंद पडते. लोक म्हणतात कंट्रोलर डुप्लिकेट. नाही. गेम बटण बघतो फ्रेमला एकदा, म्हणजे सेकंदाला ६० वेळा. नवीन गोळी सुटायला त्याला बटण आधी सुटलेलं आणि मग दाबलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे दोन फ्रेम, म्हणजे जास्तीत जास्त सेकंदाला ३० गोळ्या. आता टर्बो जर सेकंदाला जवळपास ६० वेळा दाबत-सोडत असेल, तर गेम जेव्हा जेव्हा डोकावतो तेव्हा बटण त्याच अवस्थेत सापडतं, एक तर कायम दाबलेलं, नाहीतर कायम सुटलेलं. दोघांचा ताल हळूहळू सरकतो म्हणून थोडा वेळ गोळ्या, थोडा वेळ शांतता. उपाय इतका सोपा की हसू येईल, टर्बोची चकती थोडी कमी करा. हडसन कंपनीच्या स्टार सोल्जर ह्या शूटरच्या काळात तिथला ताकाहाशी मेइजिन बोटाने सेकंदाला १६ दाबायचा म्हणून प्रसिद्ध झाला, टर्बो तेवढ्यावर ठेवला तरी खूप झालं. शिवाय बहुतेक शूटरमध्ये पडद्यावर एका वेळी आपल्या ठराविकच गोळ्या राहू शकतात, त्या वर पोचून संपल्याशिवाय नवीन सुटत नाही, म्हणून लांबून मारताना बंदूक मंद आणि शत्रूच्या नाकाखाली जाऊन मारताना एकदम मशीनगन वाटते. तेही ठरलेलंच.

निंटेंडोचा तो मोठा जॉयस्टिकवाला ॲडव्हांटेज वापरत असाल आणि गेम सारखा पॉज-चालू-पॉज-चालू होत असेल तर त्यावरचं स्लो बटण चालू राहिलंय. ते काही गेम मंद करत नाही, नुसतं स्टार्ट परत परत दाबतं. बंद करा, झालं.

साध्या कंट्रोलरमध्ये जहाज एका बाजूला आपोआप सरकत असेल किंवा तिरकं जायला कां-कूं करत असेल तर मागचे स्क्रू काढा, आत बटणांखाली रबरी गादी असते, तिच्या खालच्या बाजूला काळे कार्बनचे ठिपके. ते ठिपके आणि पाटीवरचे काळे पट्टे अल्कोहोलने हलकेच पुसा, रगडू नका, कार्बन निघाला तर नवी गादी आणावी लागेल. परत लावताना वायर ज्या खाचांतून वळवून नेलीय तशीच न्या, मी पहिल्यांदा सरळ नेली आणि कव्हर बसेचना, अर्धा तास गेला.

बाकीच्या तक्रारी भरभर घेतो. कन्सोलचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतोय आणि चित्रही येत-जात असेल, तर कॅसेटमधली आणि कन्सोलमधली लॉकआउट चिप, म्हणजे कॅसेट अस्सल आहे का ते तपासणारी जोडी, एकमेकींशी बोलू शकत नाहीयेत, म्हणून कन्सोल स्वतःला रीसेट करत राहतो. इथे मात्र पिना पुसणं हाच इलाज आहे. कन्सोलमधल्या त्या चिपची ४ नंबरची पिन उचलली की हा तपासच बंद होतो, पण ज्याला सोल्डरिंगचा डाग देता-काढता येतो त्यानेच हात घालावा. एनईएसचं मूळ जपानी रूप असलेल्या फॅमिकॉममध्ये ही चिपच नाही, त्यामुळे तो लुकलुकत नाही, सरळ करड्या किंवा कचरा पडद्यावर अडकतो.

ॲडॉप्टरबद्दल मात्र थांबून सांगतो कारण इथे चूक झाली तर परत मागे येता येत नाही. एनईएसचा मूळ ॲडॉप्टर ९ व्होल्ट एसी देतो, फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी लागतो आणि तोही प्लगच्या मधोमध ऋण टोक असलेला. एनईएसच्या आत एसीचं डीसी करणारा भाग आहे म्हणून तो डीसीवरही चालून जातो, पण फॅमिकॉमच्या आत तो भाग नाही. एनईएसचा ॲडॉप्टर फॅमिकॉमला लावला तर आतला रेग्युलेटर जळू शकतो. प्लग बसतो म्हणून लावू नका.

चित्रात उभ्या फिकट पट्ट्या दिसणं, तुरुंगाच्या गजांसारख्या, विशेषतः आकाशाच्या किंवा समुद्राच्या निळ्या रंगावर, हा जुन्या कंपोझिटच्या वायरिंगचा दोष, मशीन तसंच बनलंय, कॅसेट घासून जाणार नाही. गेम आणि संगीत दोन्ही संथ वाटत असेल तर कन्सोल पाल भागाचा, म्हणजे युरोपसारख्या ५० हर्ट्झ टीव्हीवाल्या देशांचा, असेल, सुमारे सतरा टक्के मंद, बिघाड नाही. गर्दी झाली की फक्त तेवढ्यापुरता गेम मंद होत असेल तर १.७९ मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरला एका फ्रेममध्ये सगळा हिशोब पुरा होत नाहीये, झॅनॅक त्या मानाने खूपच पळतो, आणि त्यातल्या जहाजाचं नाव एएफएक्स-६५०२ आहे ते ह्याच प्रोसेसरच्या घराण्यावरून, हे मला फार उशिरा लक्षात आलं. क्लोन, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी नक्कल केलेल्या, कन्सोलवर आवाज किनरा किंवा वेगळाच येत असेल तर बऱ्याच क्लोनमध्ये आवाजाच्या लाटांचे दोन प्रकार अदलाबदल झालेले असतात, त्याला इलाज नाही. आणि झॅनॅकची जपानी डिस्क आवृत्ती असेल तर ड्राइव्हच्या आतला रबरी पट्टा आतापर्यंत वितळून चिकट काळं काहीतरी झालेला असणार, तो खरवडून नवा घालावा लागतो आणि मग हेडची जागा परत जुळवावी लागते. पट्टा पाच मिनिटांचं काम, जुळवणी संध्याकाळ खाते.

एवढं सगळं करून माझ्या सेटअपमध्ये आता काय शिल्लक आहे ते सांगतो. डबी गेली, लाइन डबलर आला, टीव्ही गेम मोडवर, टर्बो बंद, जुनाच कनेक्टर, पुसलेली कॅसेट. गर्दीत गोळ्या लुकलुकतात, पण प्रत्येक गोळी दिसते. काल सातव्या एरियात एक आडवी रांग उतरली, मोजल्या तर एका ओळीत नऊ-दहा गोळ्या असतील, सगळ्या थरथरत खाली येत होत्या, मी त्यातली फट शोधली, शिरलो, आणि उजवीकडच्या गोळीवर जाऊन आपटलो. पण ती दिसत होती हो. आपटेपर्यंत दिसत होती.